आमची वाटचाल : फिल्मच्या पाकिटापासून निर्णयसहाय्यापर्यंत

आमची फर्म लहान आणि काम एकाच क्षेत्रातले. एका टोकाला एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय ही यंत्रे, दुसऱ्या टोकाला रेडिओलॉजिस्टचा सही झालेला रिपोर्ट, आणि या दोहोंमधली सगळी डिजिटल जोडणी आमच्याकडे. सुरुवात झाली ती फिल्म बंद करून प्रतिमा सर्व्हरवर साठवण्याच्या कामाने. मग वर्कलिस्ट (नोंदणीतून थेट यंत्रावर येणारी तपासण्यांची यादी) आली, मॉनिटरचे कॅलिब्रेशन आले, साच्यातले रिपोर्ट आले, आणि आता बहुतेक विचारणा थेट एआयची असते. हा क्रम आपोआप घडत गेला, पण आता नव्या सेंटरमध्ये आम्ही तोच आग्रहाने पाळतो. निर्णयसहाय्य देणारे, म्हणजे डॉक्टरला निर्णय घेताना सल्ला सुचवणारे कुठलेही सॉफ्टवेअर प्रतिमेसोबत आलेल्या माहितीवर विसंबून असते. ती माहिती घसरली की कितीही हुशार सल्ला भलत्याच पेशंटच्या नावावर जाऊन बसतो.

पहिला टप्पा साठवणुकीचा, म्हणजे पॅक्सचा (प्रतिमा साठवून हव्या तेव्हा दाखवणारी यंत्रणा). १९८५ साली अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या आणि उत्पादकांच्या संघटनांनी मिळून वैद्यकीय प्रतिमांच्या देवाणघेवाणीचे पहिले प्रमाण काढले. १९९३ पासून ते डायकॉम या नावाने ओळखले जाते. यंत्र सर्व्हरला जोडताना तीन गोष्टी दोन्ही बाजूंनी जुळाव्या लागतात : आयपी पत्ता, पोर्ट आणि एई टायटल (डायकॉममधले त्या यंत्राचे नाव). एई टायटल १६ अक्षरांच्या आत असावे लागते आणि त्यात लहान-मोठ्या लिपीचा फरक मोजला जातो. जोडणी तपासायला सी-एको हा चाचणी संदेश चालवतात, पण एको आला म्हणजे काम झाले असे धरू नये. एकोमुळे एवढेच कळते की दोन्ही यंत्रे एकमेकांना ओळखतात. सोनोग्राफीची हलती क्लिप एका विशिष्ट कॉम्प्रेशनमध्ये येते. सर्व्हरने ते स्वीकारलेले नसेल तर स्थिर प्रतिमा येतात आणि क्लिप तेवढ्या गायब होतात. म्हणून प्रत्येक यंत्रावरून प्रत्येक प्रकारची एकेक खरी तपासणी पाठवून पाहावी. जुनी तपासणी मागवताना सी-मूव्ह (सर्व्हरला प्रतिमा पाठवायला सांगणारी आज्ञा) अडते ते बहुधा एकाच कारणाने : जिथे प्रतिमा पाठवायच्या त्या वर्कस्टेशनचे नाव-पत्ते सर्व्हरच्या यादीत घातलेलेच नसतात.

जागेचा हिशेब सोपा आहे. सीटीची एक प्रतिमा ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलची, प्रत्येक पिक्सेलला २ बाइट, म्हणजे सुमारे अर्धा एमबी. ६०० प्रतिमांची तपासणी ३०० एमबी होते. माहिती न गमावणाऱ्या कॉम्प्रेशनने ती साधारण निम्मी ते एक तृतीयांश होते. जागा वाचवण्यासाठी १ मिमीचे पातळ काप टाकून फक्त ५ मिमीचे ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. आमचा सल्ला ठामपणे उलटा असतो. पुढे थ्रीडी, फुप्फुसातल्या गाठीचे मोजमाप किंवा कुठलेही एआय वापरायचे तर पातळ कापच लागतात, आणि एकदा पुसले की ते परत मिळत नाहीत.

सगळ्यात जास्त फायदा देणारा टप्पा विचाराल तर वर्कलिस्टचा. ती नसते तेव्हा टेक्निशियन पेशंटचे नाव आणि नंबर यंत्राच्या कन्सोलवर हाताने टाइप करतात. मग एकाच माणसाची तीन स्पेलिंगे होतात, नंबरात एक शून्य कमी पडते, आणि जुनी तपासणी तुलनेला समोर येत नाही. वर्कलिस्ट आली की नोंदणीतली माहिती जशीच्या तशी यंत्रावर उतरते. प्रत्येक तपासणीला ॲक्सेशन नंबर मिळतो आणि पुढे रिपोर्ट, बिल आणि प्रतिमा यांना बांधून ठेवणारा धागा तोच असतो. डायकॉममध्ये या रकान्याला १६ अक्षरांची मर्यादा आहे. नोंदणीचे सॉफ्टवेअर शाखेचा कोड, तारीख आणि क्रमांक जोडून त्याहून लांब नंबर बनवते तेव्हा काही यंत्रे शेवटची अक्षरे निमूटपणे कापतात, आणि रिपोर्ट कुठल्याच प्रतिमेला चिकटत नाही. नंबराची रचना पहिल्याच दिवशी तपासावी.

वर्कलिस्ट आल्यावर एक नवी चूक जन्माला येते आणि ती जुन्यांपेक्षा घातक असते : यादीतली वरची किंवा खालची ओळ निवडली जाणे. टाइपिंगची चूक दिसते तरी; इथे नाव, वय, नंबर सगळे नीट असते, फक्त प्रतिमा दुसऱ्या माणसाची असते. उपाय म्हणजे यादी छोटी ठेवणे. प्रत्येक यंत्रावर फक्त त्याच यंत्राच्या, फक्त आजच्या आणि फक्त बाकी असलेल्या तपासण्या दिसाव्यात. शिवाय टेबलावर झोपवण्याआधी पेशंटकडूनच नाव आणि जन्मतारीख वदवून घ्यावी. ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारले तर घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. बेशुद्धावस्थेत आलेल्या पेशंटसाठी तात्पुरत्या ओळखीचा ठरलेला नमुना हवा, आणि ओळख पटल्यावर दोन्ही नोंदी एकत्र करण्याचा संदेश नोंदणीकडून पॅक्सपर्यंत पोहोचतो की नाही हे प्रत्यक्ष करून बघायला हवे. घड्याळांचेही तसेच. सगळी यंत्रे एकाच टाइम सर्व्हरला जोडावीत, नाहीतर पक्षाघाताच्या पेशंटचे स्कॅन कागदोपत्री तो पोहोचण्याआधीच झालेले दिसते.

मॉनिटरकडे लोक सगळ्यात शेवटी बघतात, म्हणून थोडे सविस्तर. डायकॉमच्या १४व्या भागात करड्या छटांचा एक वक्र दिला आहे. ०.०५ ते ४००० कॅन्डेला प्रति चौरस मीटर या उजेडाच्या पट्ट्यात डोळ्याला जेमतेम जाणवतील अशा १०२३ पायऱ्या त्यात आहेत. मॉनिटर या वक्राला धरून असेल तर एकच सावली दोन खोल्यांत सारखीच दिसते. निदानासाठीच्या पडद्याचा कमाल उजेड किमान ३५० कॅन्डेला आणि मॅमोग्राफीसाठी ४२० असावा. वक्रापासूनचे विचलन १० टक्क्यांच्या आत असावे. खोलीतला उजेड २५ ते ५० लक्सच्या दरम्यान. रोज सकाळी टीजी-१८ क्यूसी हा चाचणी नमुना उघडावा. त्यात काळ्या चौकोनातला ५ टक्क्यांचा आणि पांढऱ्या चौकोनातला ९५ टक्क्यांचा छोटा चौकोन वेगळा दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर त्या पडद्यावर न्यूमोथोरॅक्सची (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठल्याची) बारीक रेषाही दिसणार नाही. कॅलिब्रेशन बिघडण्याची कारणे नेहमीचीच असतात : ऑपरेटिंग सिस्टिमच्या अपडेटने रंगांचे प्रोफाइल बदलले, ग्राफिक्स कार्ड बदलताना दुरुस्तीचा तक्ता गेला, किंवा रात्रपाळीत कोणी ब्राइटनेस वाढवला.

एवढे बसले की निर्णयसहाय्याला अर्थ येतो. त्यासाठी तीन जागा आहेत : तपासणी मागवताना, रिपोर्ट लिहिताना आणि रिपोर्ट गेल्यानंतर. इथे पहिल्या दोन जागांबद्दल.

मागवतानाचे उदाहरण म्हणजे डोक्याला मार लागलेल्या पेशंटचा सीटी. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला कॅनेडियन सीटी हेड नियम यासाठी वापरतात. वय ६५ किंवा जास्त, दोन किंवा अधिक उलट्या, कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरची लक्षणे, दोन तासांनीही ग्लासगो स्कोअर (शुद्धीचे मोजमाप) १५ पेक्षा कमी, असे त्याचे निकष आहेत. पण हा नियम १६ वर्षांखालच्या मुलांना, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना आणि मार लागल्यानंतर फिट आलेल्यांना लागूच होत नाही. म्हणून आमच्या फॉर्ममध्ये हे वगळणारे प्रश्न सर्वांत आधी येतात. ते शेवटी टाकले की घाईत कोणी तिथपर्यंत पोहोचत नाही, आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या आजोबांना ‘सीटीची गरज नाही’ असा सल्ला निघतो.

काँट्रास्टच्या (प्रतिमा उठून दिसावी म्हणून टोचायच्या औषधाच्या) बाबतीत ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या कामाचा आकडा, ३० पेक्षा कमी असेल तर थांबवून विचारणारी सूचना येते, आणि पेशंट मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेत असेल तर ती काँट्रास्टच्या वेळेपासून ४८ तास बंद ठेवून, किडनीचे काम पुन्हा तपासूनच सुरू करण्याची आठवणही. हा नियम बांधायला सोपा आणि बिघडायलाही सोपा. ईजीएफआर ज्यावरून काढतात ते रक्तातले क्रिएटिनिन काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, काही मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये, आणि दोहोंत ८८.४ पटींचा फरक आहे. एकक न तपासता नुसता आकडा घेतला तर गणित बेधडक चुकते. एककाचा रकाना रिकामा असेल तर आमचे सॉफ्टवेअर हिशेबच करत नाही. तसे सांगते आणि थांबते. जुना रिपोर्ट किती दिवसांपर्यंत धरायचा हेही सेंटरच्या डॉक्टरांनी लेखी ठरवावे, ते आम्ही ठरवू नये.

रिपोर्ट लिहिताना फुप्फुसातल्या गाठीचे मार्गदर्शन सर्वाधिक मागितले जाते. फ्लेशनर सोसायटी या छातीच्या रेडिओलॉजीतल्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या शिफारशींनुसार, कमी जोखमीच्या पेशंटमध्ये एकच घन (भरीव) गाठ ६ मिमीपेक्षा लहान असेल तर नियमित फेरतपासणी नको. ६ ते ८ मिमी असेल तर ६ ते १२ महिन्यांनी सीटी. ८ मिमीपेक्षा मोठी असेल तर तीन महिन्यांनी सीटी, पेट-सीटी किंवा बायोप्सीचा विचार. मोजमाप म्हणजे लांब आणि आखूड व्यासाची सरासरी, जवळच्या पूर्ण मिलिमीटरपर्यंत. वय ३५ पेक्षा कमी, कर्करोग असल्याचे आधीच माहीत असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले पेशंट यातून बाहेर. साच्यात दोन व्यासांचे दोन रकाने ठेवले आणि सरासरी यंत्राला काढू दिली, तर निम्मे घोळ टळतात. डावे-उजवे तपासणारा नियमही याच टप्प्यावर बसतो : मागणीत उजवा गुडघा आणि रिपोर्टमध्ये डावा असेल तर सहीआधी विचारायचे.

मात्र सूचना जितक्या जास्त, तितक्या त्या न वाचता बंद केल्या जातात. काम अडवून समोर येणारी खिडकी आम्ही फक्त तत्काळ इजा होऊ शकते अशा ठिकाणी ठेवतो. बाकी सगळे बाजूच्या पट्टीत. कोणती सूचना किती वेळा ओलांडली आणि का, याची नोंद ठेवून डॉक्टरांसोबत दर तीन महिन्यांनी यादी छाटतो. जी सूचना जवळजवळ प्रत्येक वेळी ओलांडली जाते, तिचा नियम चुकीचा आहे किंवा जागा.

आता एआय. छातीचे १००० एक्स-रे घ्या, त्यात १० जणांना आजार आहे असे धरा, आणि सॉफ्टवेअरची संवेदनशीलता (आजारी पकडण्याचे प्रमाण) व विशिष्टता (निरोगी सोडून देण्याचे प्रमाण) दोन्ही ९० टक्के. ते ९ पेशंट बरोबर पकडेल, १ सोडेल, आणि निरोगी ९९० पैकी ९९ जणांवरही खूण करेल. म्हणजे १०८ खुणांपैकी ९ खऱ्या. माहितीपत्रकातले ९० टक्के आणि रेडिओलॉजिस्टच्या पडद्यावरचा अनुभव यांत एवढे अंतर असते. हे गणित खरेदीआधी सेंटरच्या स्वतःच्या पेशंटवर करून दाखवणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो. निवडलेल्या सोप्या केस नकोत. सलग आलेल्या सगळ्या तपासण्या घ्यायच्या, सॉफ्टवेअर पडद्याआड चालवायचे, निकाल कोणाला दाखवायचा नाही, आणि नंतर रिपोर्टशी ताडायचे.

या चाचणीत ठरावीक दोष वर येतात. काळे-पांढरे उलटे साठवलेली प्रतिमा सॉफ्टवेअरने तशीच वाचली. पातळ कापांऐवजी ५ मिमीची मालिका त्याला गेली, कारण पाठवण्याचा नियम तपासणीच्या नावावर होता आणि त्याच तपासणीला दोन पाळ्यांत दोन नावे दिली जात होती. न्यूमोथोरॅक्स ओळखणारे सॉफ्टवेअर प्रत्यक्षात छातीतली नळी ओळखत होते. नळी घातलेल्या पेशंटवर आधीच उपचार झालेले असतात, त्यामुळे अशा केस बाजूला काढून आकडे पुन्हा मांडावे लागतात. वेळेचा प्रश्नही असतो. डायकॉम सर्व्हरला तपासणी संपली हे खात्रीने कळत नाही. ठरावीक वेळ नवी प्रतिमा आली नाही की ती पूर्ण धरतात. ऑर्थँक या मुक्त सर्व्हरमध्ये ही मुदत मुळात ६० सेकंदांची आहे. त्यानंतर आलेली पुनर्रचना (त्याच स्कॅनमधून नंतर बनवलेली मालिका) विश्लेषणातून सुटते. आणि रिपोर्टवर सही झाल्यावर पोहोचणारा निकाल तर नसल्यातच जमा.

एआयने तातडीच्या केस वर आणल्या की बाकीच्या खाली जातात. सॉफ्टवेअरने सोडलेला तो एक पेशंट त्यातच असतो. म्हणून कुठलीही तपासणी ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबणार नाही अशी कमाल मर्यादा रांगेत घालावीच लागते. निकालाची चित्रे वेगळ्या मालिकेत, सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती लिहून ठेवावीत. आवृत्ती बदलली की राखून ठेवलेला तोच चाचणी संच पुन्हा चालवावा. खूण करण्याचा उंबरठा थोडा सरकला तरी खुणांची संख्या बरीच बदलते.

बाहेर प्रतिमा पाठवताना फक्त नावाचा रकाना पुसणे पुरत नाही. सोनोग्राफीत नाव चित्रातच छापलेले असते, उत्पादकांच्या खासगी रकान्यांत माहिती लपलेली असते, आणि डोक्याच्या पातळ कापांवरून चेहरा उभा करता येतो.

एआय हवे म्हणून फोन येतो तेव्हा आम्ही आधी गेल्या महिन्याच्या सगळ्या तपासण्यांची हेडर-माहिती (प्रतिमेसोबत साठवलेले नाव, नंबर, वेळ वगैरे रकाने) मागतो. किती ॲक्सेशन नंबर रिकामे आहेत, एकाच तपासणीला किती नावे आहेत, कोणत्या यंत्राचे घड्याळ सरकले आहे, पातळ काप कुठपर्यंत जपलेले आहेत, हे त्यातून स्पष्ट दिसते. त्या यादीतली दुरुस्ती झाली की मगच आम्ही सॉफ्टवेअरचा प्रस्ताव देतो.