मुखवटा निघाला आणि लाइन गेली

2004 चा पावसाळा. नागपुरातल्या एका एकपडदा थिएटरात मी ऑपरेटर होतो. ‘स्पायडर-मॅन 2’ हिंदीत लागला होता. तीनच्या शोला स्टॉल भरलेला. बर्डीवरचे क्लास बुडवून आलेली पोट्टी, इतवारीतल्या दुकानांतली माणसं, आणि सगळीकडे ओल्या रेनकोटांचा वास.

ऑपरेटर सिनेमा पाहत नाही, पब्लिक ऐकतो. खुर्च्या कुठे करकरतात, लोक कुठे खोकतात, यावरून सिनेमा कुठे ढिला पडलाय ते केबिनमध्ये बसल्याबसल्या कळतं. हाणामारीला शिट्या पडायच्या, त्यात नवल नाही. पण खरा हशा लिफ्टच्या सीनला यायचा. जाळी सोडायची शक्ती दगा देते म्हणून हीरो त्या लालनिळ्या पोशाखात मुकाट लिफ्टमध्ये उभा राहतो, आणि शेजारच्या माणसाला सांगतो की हे कापड अंगाला खाजवतं. पिझ्झा वेळेवर न पोचवल्यामुळे त्याची नोकरीही गेलेली असते. यावर इतवारीवाले जितके हसले, तितके पोट्टेही हसले नसतील.

त्या दिवशी ट्रेनची मारामारी रंगात आली होती. व्हिलन डॉक्टर ऑक्टोपसने ट्रेन सुसाट सोडलेली. हीरो पुढे उभा राहून, हातांतून जाळी सोडून ती थांबवतो. मुखवटा आधीच निघालेला. तो बेशुद्ध होऊन कोसळणार, तोच डब्यातले लोक त्याला धरतात, डोक्यांवरून अलगद आत घेतात आणि त्याचा शहरापासून लपवलेला चेहरा पाहतात. नेमकी तिथे लाइन, म्हणजे वीज, गेली.

एरवी लाइन गेली की आधी शिव्या येतात, मग ‘पैसे वापस’. शिव्या आल्याच. जनरेटरही चालू होईना, खाली कोणीतरी त्याच्याशी खटपट करत होता. पण थोड्याच वेळात स्टॉलमध्ये वेगळीच कुजबुज सुरू झाली. मी केबिनच्या खिडकीला कान लावला.

“आता लोकायनं त्याचं तोंड पाह्यलं ना? मंग?”

“एवढ्या लोकायतून एक तरी सांगनच बे.”

“अन् तो पेपरवाला? त्याले फोटो भेटला तर संपलंच.”

तो मरेल का, असं एकानेही विचारलं नाही. मरणार नाही हे तिकीट काढतानाच माहीत होतं. आमचा डोअरकीपर, सगळे त्याला चाचा म्हणत, शुक्रवारपासून रोज हाच सिनेमा पाहत होता. पोट्ट्यांनी त्याला घेरलं, “सांग ना चाचा, लोक सांगते का कोनाले?” चाचा म्हणाला, “म्या सांगू? मंग तिकीट कायचं घेतलं जी तुमी?”

मला तेव्हा जाणवलं ते आजही पटतं. पहिल्या भागाला शक्ती मिळण्याची गंमत फुकट असते. दुसऱ्या भागाला ती नसते. त्याला पहिल्याची उधारी वसूल करावी लागते. 2002 च्या भागाच्या शेवटी हीरो आवडत्या मुलीला नाही म्हणतो, जिवलग मित्र बापाच्या मरणाचा दोष स्पायडर-मॅनला देतो, आणि काका का मेला यातला आपला वाटा काकूपासून लपलेला असतो. दुसऱ्या भागात ही तिन्ही खाती उघडली जातात. व्हिलनसुद्धा नुसता राक्षस नाही. आपल्याच प्रयोगात बायको गमावलेला शास्त्रज्ञ आहे. 2007 मध्ये तिसरा भाग आला, त्यात एकाच्या जागी तीन व्हिलन. इंटरव्हलला लोक समोशाबद्दलच बोलत होते.

पुढे मी मल्टिप्लेक्समध्ये गेलो. रिळं गेली, हार्ड डिस्क आली. 2019 ला ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ लागला, 181 मिनिटांचा. कॅप्टन अमेरिका थॉरचा, सहसा कोणालाच न उचलणारा हातोडा उचलतो तेव्हा असा गलका झाला की पुढचे संवाद कोणाला ऐकू आले नसतील. त्याच मालिकेतल्या 2015 च्या सिनेमात त्याच्या हाताने तो हातोडा जरासा हलला होता. चार वर्षं लोकांनी तेवढं लक्षात ठेवलं होतं.

असो. त्या दिवशी खालून निरोप आला, जनरेटरला अजून वेळ आहे. स्टॉलमधून ओरड, “भाऊ, जरा मागून लाव!” सिनेमा मिनिटाला 90 फूट पळतो, ट्रेनच्या सुरुवातीपर्यंत जायचं तर बरीच फिल्म गुंडाळायला हवी. हाताने फिरवायच्या टेबलाला लाइन लागत नाही. मी दोन्ही रिळं उतरवून टेबलावर चढवली आणि दातांत टॉर्च धरून हँडल मारत बसलो. मॅनेजर वर आले, सहाच्या शोला उशीर होईल म्हणून चिडले. “रीळ टेबलावर आहे साहेब, आता काय करू?” म्हटलं. ते पुटपुटत उतरून गेले.

जनरेटर धडधडला. ट्रेन पुन्हा सुटली. दोन लहान पोरं हीरोच्या हातात मुखवटा परत देतात, कोणाला सांगणार नाही म्हणतात, आणि डब्यातली साधी माणसं ऑक्टोपसच्या आडवी उभी राहतात, तेव्हा बाल्कनीतूनसुद्धा टाळ्या आल्या. एरवी बाल्कनीवाले टाळ्या वाजवत नसत.

शो सुटला तेव्हा सहाचं पब्लिक फाटकाशी भिजत उभं होतं. बाहेर पडणारी एक बाई नवऱ्याशी वाद घालत होती, “तोच स्पायडर-मॅन हाय हे काकूले ठाऊक हाय, म्या सांगते तुमाले. तिच्या बोलन्यातूनच समजते.” नवरा म्हणत होता, “काही ठाऊक नाही तिले.” तिसरा अनोळखी माणूस छत्री मिटून त्यात पडला. मग चौथा. शेवटी चाचाने सगळ्यांना फाटकाबाहेर हाकललं, “रस्त्यावर जाऊन भांडा जी, हे सहावाले ऐकून राह्यले!”