मंडळीच्या वहीत नाव लागलं

मुलीच्या बाप्तिस्म्याचं विचारायला गेलो, तेव्हा पाळकसाहेबांनी पहिलं विचारलं, "तुमची मंडळी कोणती?" म्हणजे कोणत्या चर्चचे सभासद. माझं नाव अजून नगरलाच होतं, वर्गणीही आईच भरायची. पुण्यात मी कधी ड्रम-गिटारवाल्या इंग्लिश सभेला जायचो, कधी यूट्यूबवर भागवायचो.

घराजवळच्या मंडळीत नाव लावायचं ठरवलं. जवळची, एवढाच निकष. बारा किलोमीटरवरचं संगीत कितीही भारी असलं, तरी घरात कुणी आजारी पडलं तर तिथून डबा घेऊन कोण येणार?

कागदाचं काम फारसं अवघड नव्हतं. नगरहून सभासदत्वाचा दाखला आणायचा: वर्गणी थकलेली नाही, प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेतो, खाली पाळकांची सही. आमच्या नगरकडची परंपरा १८३१ला तिथं आलेल्या अमेरिकन मिशनची, आणि इथली मंडळी मूळची अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतली. पण १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात दोन्ही आल्या. त्यामुळे दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी, पुन्हा करावं लागलं नाही. कमिटीनं दाखला मंजूर केला आणि रविवारी नाव जाहीर झालं.

रुळायला मात्र वेळ लागला. आमच्याकडे वडीलधारी माणसं उभ्या उभ्या मनातली प्रार्थना करतात. इथं सगळं छापील, कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे तेही ठरलेलं. पहिले काही महिने मी शेजारच्या मावशींकडे बघून उठ-बस करायचो. तारलं ते नारायण वामन टिळकांच्या गीतांनी. ती दोन्हीकडे तीच, चालीही बऱ्याचशा तशाच.

खरी ओढाताण रविवारची. ऑफिसात बोलून ऑन-कॉल शनिवारी रात्री घेतला. नातेवाइकांना पटवणं त्याहून कठीण! चुलतभावाचा साखरपुडा रविवारी सकाळी होता. "उपासना करून येतो" म्हटल्यावर काका म्हणाले, "तू काय पाळक झालास का?" जेवणाच्या पंगतीपर्यंत पोचलो, पण काकू अजून ते काढतात.

मग खजिनदारांनी मला अर्पण मोजायला बसवलं. एकट्यानं मोजायचं नाही, दोघं लागतातच, म्हणून दांडी मारायची सोय राहिली नाही. दहाच्या नोटा इतक्या बारीक घडी घातलेल्या असतात की नखानं उलगडाव्या लागतात. कुणाची घडी कशी हे खजिनदारांना पाठ आहे. एकदा एक घडी दिसली नाही तर ते म्हणाले, "आजी आल्या नाहीत वाटतं, संध्याकाळी जाऊन येऊ." गेलो. आजींना ताप होता. माझ्या मते सभासद होणं म्हणजे हेच, प्रवचनं ऐकायला काय, कुठंही मिळतात.

आता उपासना आठला की साडेनऊला, यावरून मंडळीत दोन तट पडलेत. तरुण संघ साडेनऊवर अडून बसलाय. वार्षिक सभेत माझं मत आठला. ऊन चढायच्या आत म्हाताऱ्या माणसांना घरी पोचता येतं.