तुम्ही विचारलंत म्हणून: मधमाश्या कशानं गेल्या?

डोंगळा, म्हणजे बियाण्याचा कांदा, फुलला की हा फोन ठरलेला. "भाऊ, माश्या मरी ग्यात, काबर?" आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तिकडूनच येतं: शेजाऱ्याने फवारलं. नाहीतर मोबाईलचा टॉवर.

टॉवरचं सोडा. फवारणीचं मात्र खोटं नाही, कापसाच्या मुलखात राहून मी ते कसं नाकारू? पण विषाची खूण वेगळी. एका दिवसात पेटीच्या दारापुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडतो, कितीतरी जणींच्या सोंडा बाहेर आलेल्या असतात. तसं झालं होतं का, असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, "नाही, हळूहळू कमी होत गेल्या." मग दारात शोधून काही सापडायचं नाही, पेटी उघडा.

आत बहुतेक वेळा व्हरोवा निघतो. तांबूस, चपटा, जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीचा कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, अंगाला चिकटणारा माइट. हा मूळचा आपल्या सातेरीवरचा, म्हणजे इथल्या देशी मधमाशीवरचा. सातेरी त्याला अंगावरून काढून टाकते, आणि तिच्याकडे तो मुख्यतः नरांच्या घरांतच वाढतो, त्यामुळे दोघांचं निभतं. बाहेरून आणलेल्या मेलिफेराला, म्हणजे युरोपीय मधमाशीला, ते जमत नाही आणि परागीकरणासाठी भाड्याने आणलेल्या पेट्यांत बहुधा तीच असते.

त्याची चाल बघा. अळीच्या घरावर मेणाचं झाकण बसायच्या जरा आधी मादी आत शिरते आणि अळीच्या अन्नात दडून बसते. झाकण बसल्यावर आधी एक मुलगा, मग एकामागून एक मुली. भावाबहिणींचं मीलन तिथेच, बंद खोलीत. माशी बाहेर पडते तेव्हा तयार झालेल्या मुली तिच्यासोबत निघतात. मुलगा आतच मरतो. हा कोळी रक्त पितो असं पूर्वी मानत. 2019 च्या संशोधनात दिसलं की तो मुख्यतः माशीच्या चरबीच्या साठ्यावर जगतो. हा साठा गेला की तिची प्रतिकारशक्ती गेली.

खरा घाव पुढे बसतो. चावताना तो विषाणू आत सोडतो, त्यातला नामचीन म्हणजे डिफॉर्म्ड विंग व्हायरस. पंख चुरगळलेली, पोट आखूड राहिलेली माशी पेटीसमोर मातीत सरपटताना दिसली, तर फवारणीवाल्या शेजाऱ्याशी भांडायला जाऊ नका.

सातपुड्याच्या कडेला आणखी एक पाहुणा असतो, ट्रोपिलेलॅप्स. तो आग्या माशीवरचा कोळी. व्हरोव्यापेक्षा बारीक, लांबट आणि चपळ. चौकट उचलली की पिलाव्यावर, म्हणजे अंडी-अळ्या-कोषांच्या घरांवर, धावत सुटतो. पण पिलावा नसेल तर थोड्याच दिवसांत मरतो, म्हणून राणीला तीनेक आठवडे पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवली की त्याची कोंडी होते.

सातेरी पाळणाऱ्यांनी मात्र थाई सॅकब्रूडला, म्हणजे अळ्यांच्या विषाणूजन्य रोगाला, भ्यावं. अळी कोषात न जाता पाण्याने भरलेली पिशवी होऊन मरते, डोकं वर उचललेलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला या विषाणूने केरळात सातेरीच्या पेट्याच्या पेट्या ओस पाडल्या. औषध नाही. दुकानदार देत असला तरी नाही.

व्हरोवा मोजता येतो. अर्धा कप, म्हणजे अंदाजे तीनशे माश्या (राणी त्यात नाही ना, ते आधी बघा), जाळीच्या झाकणाच्या बरणीत दोन चमचे पिठीसाखरेत घोळवा, थोडं थांबा आणि पांढऱ्या ताटात झटका. वर पाणी शिंपडलं की साखर विरघळते, कोळी उरतात. शंभर माश्यांमागे तीन निघाले तर उपाय करायची वेळ झाली.

उपायात आपली गोम उन्हाची. कोळी मारायला वापरतात त्या फॉर्मिक अॅसिडची वाफ तिशीच्या वर तापमान गेलं की पिलावा आणि राणी दोघांवर उठते, आणि जळगावात मार्चमध्येच पारा कुठे असतो ते तुम्ही जाणता. म्हणजे हे काम हिवाळ्यातच उरकायचं. पिकावरचं कोळीनाशक फडक्यावर शिंपडून पेटीत ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. ते मेणात मुरतं, मधात उतरतं, आणि तो मध तुमचीच पोरं खातात.

आणि पुढच्या वेळी फोटो पाठवाल तर मेलेल्या माश्यांचा नको. झाकण बसलेल्या पिलाव्याची चौकट उजेडात धरून काढा, जवळून.