भिगवणला ट्रेलर घेऊन जाताय? आधी कपलर सोडवायला शिका

पुण्यातून भिगवणला लोक सहसा पहाटे निघतात, बोटीतून रोहित पक्षी बघतात, दुपारी चिलापीचं ताट संपवतात आणि संध्याकाळी हडपसरच्या गर्दीत येऊन अडकतात. आम्हाला मुक्काम करायचा होता, तोही पाण्याच्या कडेला. म्हणून जानेवारीत भाड्याचा एक छोटा कॅम्पिंग ट्रेलर मेहुण्याच्या ऑटोमॅटिक थारला जोडला आणि निघालो.

रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि पहिल्यांदा ट्रेलर ओढणाऱ्याला तेच हवं असतं. सोलापूर हायवेने साधारण शंभर किलोमीटर, मध्ये एकही घाट नाही. हौसेपोटी पहिल्याच खेपेला ताम्हिणी किंवा वरंध्याला ट्रेलर नेऊ नका. हडपसर ते लोणी काळभोर हा पट्टा उजाडायच्या आत मागे टाका. यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ असं साठ-सत्तरच्या वेगाने आरामात जाता येतं. एकच काळजी घ्या: हा सगळा उसाचा पट्टा आहे. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि कित्येकांना मागे धड लाल दिवाही नसतो. अंधारात ट्रेलर घेऊन तिथे असूच नका.

कुंभारगावच्या बाजूला उजनीचं पाणी ओसरलं की काठाला गाळाची जमीन उघडी पडते. वरून सुकलेली, भेगाळलेली दिसते, पण आत मऊ असते. गाडी तिथे घालू नका. आम्ही ओळखीतल्या एका शेतकऱ्याला विचारून त्यांच्या बांधालगतच्या कडक जागेवर ट्रेलर लावला. जागा छान, समोर पाणी, पण उतार पाण्याच्या दिशेने. ट्रेलर रिव्हर्स घेऊन लावला, म्हणजे तो खाली आणि थार वर. चाकांना ठोकळे लावले, गाडी पार्किंगला टाकली, ब्रेकवरचा पाय काढला आणि खाली उतरलो.

कपलर, म्हणजे गाडीच्या मागच्या लोखंडी बॉलवर बसणारी ट्रेलरच्या तोंडाची पकड, सुटेना. पिन निघाली, पण पकड उघडणारा खटका जेमतेम अर्धा उचलला गेला आणि तिथेच अडला. जॅक फिरवून ट्रेलरचं तोंड वर घ्यायला लागलो तर त्याच्याबरोबर थारचं बूडही वर यायला लागलं. मेहुणा म्हणाला, ‘‘दाजी, अजून थोडं फिरवा, सुटेल.’’ नेमकं तेच करायचं नसतं. गाडीचं बूड वर येतंय याचा अर्थ कपलरने बॉल अजून धरून ठेवलाय. तुम्ही फिरवत राहिलात तर तो केव्हातरी फटकन सुटतो, गाडी स्प्रिंगवर खाली आपटते, ट्रेलरचं तोंड उसळतं, आणि आसपास कोणाचा हात किंवा पाय असेल तर संपलंच. जॅक परत खाली घेतला.

एवढ्यात शेजारच्या शेतातून उसाची रिकामी ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टरवाला आला. खाली उतरून वाकून बघितलं आणि म्हणाला, ‘‘सायेब, जोर कशाला लावताय? तान हाय तिथं. गाडी इंचभर फुडं घ्या.’’ ट्रॉलीची पिन अडकली की हे लोक रोज हेच करतात. हातोडा मारत बसत नाहीत, ट्रॅक्टर किंचित हलवतात आणि पिन बोटाने निघते.

झालं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण दहातल्या बहुतेक वेळा कारण हेच असतं. कपलरच्या आत बॉलच्या पुढच्या बाजूला जाड लोखंडाची वाटी असते आणि मागून-खालून एक जबडा बॉलला धरतो. खटका उचलला की तो जबडा सैल व्हायला हवा. ऑटोमॅटिक गाडी पार्किंगला टाकून तुम्ही ब्रेक सोडता तेव्हा गिअरबॉक्समधला अडसर दातात बसेपर्यंत गाडी उताराकडे थोडी सरकते. ट्रेलर ठोकळ्यांवर जागच्या जागी, आणि गाडीचं वजन मागे रेलून बॉलमार्फत त्या जबड्यावर. मग तो कसा उघडणार? मी आत बसून ब्रेक दाबला, गाडी ड्राइव्हला टाकली, अगदी केसभर पुढे घेतली आणि ब्रेकवर धरून ठेवली. मेहुण्याने बाजूला उभं राहून दोन बोटांनी खटका उचलला.

मुळात ताण पडूच नये म्हणून क्रम असा ठेवा: पायाने ब्रेक दाबलेला असतानाच दुसऱ्याने ट्रेलरच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, ठोकळे लावायचे. मग गाडी न्यूट्रल, हँडब्रेक घट्ट, पाय हळूहळू सोडायचा, गाडी हँडब्रेकवर विसावली की शेवटी पार्किंग. मग वायरचा प्लग, मग खटका, मग जॅक. सुरक्षेच्या साखळ्या सगळ्यात शेवटी, बॉल कपलरच्या पूर्ण बाहेर आल्यावर. पुष्कळजण वाकलोच आहोत तर म्हणून आधी साखळ्या काढतात. ठोकळा सरकला तर उतारावरच्या ट्रेलरला धरणारं दुसरं काहीच उरत नाही. आमच्या खाली तर थेट उजनीच होती.

जॅकच्या चाकाखाली फळी हवीच, काळ्या मातीत ते बघता बघता रुतून बसतं. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा तोंडावर असतो, म्हणजे सहाशे किलोच्या ट्रेलरला साठेक किलो. एवढंसं वाटतं, पण बोट चेमटायला पुरेसं आहे.

ताण काढूनही सुटत नसेल तर मात्र दुसरं कारण शोधा. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या कॅम्पवाल्यांचं तेच झालं होतं. पुढे-मागे करून बघितलं, गंजावरचा स्प्रे मारला, रबरी हातोड्याने वरून हलके ठोके दिले, तेव्हा कुठे निघाला. बॉलवर मध्यावर चकचकीत घासलेलं कडं दिसत होतं आणि माथ्यावर कोरलं होतं: दोन इंच. कपलरवर मात्र पन्नास मिलिमीटर. दोन इंच म्हणजे 50.8 मिलिमीटर. आठ दशांशाचा फरक, पण पन्नासच्या कपलरला तो घट्ट बसतो आणि अडकतो. गाडीला हिच, म्हणजे बॉलचा सांधा, बसवून देणाऱ्या वर्कशॉपने ‘चालतंय की’ म्हणून दिलेला. उलट्या बाजूची चूक जास्त धोक्याची, कारण मोठ्या कपलरमध्ये लहान बॉल खडखडतो आणि धक्क्याने उसळून बाहेरही येऊ शकतो. ट्रेलर भाड्याने घेताना हे दोन आकडे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. समोरच्याला राग आला तरी वाचा.

तिसरं कारण म्हणजे धूळ, सुकलेलं ग्रीस, वाळूचा खडा. चिंधीने बॉल पुसून ग्रीसचा पातळ हात द्या. अपवाद एकच: काही कपलरमध्ये ट्रेलर डोलू नये म्हणून घर्षणाच्या पट्ट्या असतात. त्यांना कोरडा बॉल लागतो, ग्रीस लावलंत की पट्ट्या निकामी. काही कपलरच्या खाली जबड्याचा नट असतो. तो जास्त आवळलेला असला तरी खटका उचलत नाही, पण तो सैल करायचं काम माहीतगारालाच करू द्या. ग्रीसचा डबा, स्प्रे, रबरी हातोडा, चांगले ठोकळे हे सगळं नाना पेठेत एका फेरीत मिळतं.

पक्ष्यांसाठी वेगळं काय सांगू? सूर्य उगवायच्या आत बोटीत बसा, गडद रंगाचे कपडे घाला आणि बोटवाल्या दादांना ‘अजून जवळ घ्या’ म्हणू नका. थवा उडाला की सगळ्यांचीच सकाळ गेली. चिलापी तळलेली घ्या, रस्सा फार तिखट असतो.

निघताना कपलर बसवला की खटका लावून, पिन घालून, जॅक फिरवून ट्रेलरचं तोंड थोडं वर घ्या. या वेळी गाडीचं बूड ट्रेलरबरोबर वर आलंच पाहिजे. आलं तर कपलरने बॉल नीट धरलाय. नाही आलं तर तो नुसता वर टेकलाय, खटका उघडून परत बसवा. जॅकचं चाक पूर्ण वर घेऊन बांधा, साखळ्या तोंडाखालून एकमेकींना ओलांडून लावा, म्हणजे कपलर निसटलाच तर तोंड रस्त्यावर न आपटता साखळ्यांवर झेललं जातं. आणि हायवेला लागल्यावर पहिल्या पेट्रोल पंपावर थांबून पिन, प्लग आणि साखळ्यांना पुन्हा हात लावून बघा.