इमारी फुलदाणी, ४६ सेंमी: सहाव्या आठवड्यापर्यंतची नोंद

आठवडा १: तपासणी

दुरुस्तीला घेतलेली जपानी पोर्सिलेनची फुलदाणी, निळ्या, लाल, हिरव्या आणि सोनेरी नक्षीची. कळीदार पोट, कर्ण्यासारखं फाकलेलं तोंड, उंची ४६ सेंमी. काठाचे तीन तुकडे पूर्वी कधीतरी चिकटवलेले, १४ × ६ मिमीचा एक टवका गायब, आणि बुडाला विजेच्या तारेसाठी पाडलेलं १० मिमीचं भोक. युरोपात अशा फुलदाण्यांचे सर्रास दिवे केले गेले, त्यामुळे भोक दिसलं म्हणून दचकायचं कारण नाही. भोकाच्या कडेपासून चीर निघाली आहे का तेवढं बघायचं. इथे निघालेली नाही.

काळ ठरवणं आधी, कारण सफाई किती सोसेल हे त्यावरच ठरतं. इमारी हे जपानमधल्या बंदराचं नाव. माल घडायचा जवळच्या आरिता गावात, जायचा इमारीहून नागासाकीला आणि तिथून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून युरोपला. मिंग राजवट कोसळल्यावर चिनी माल आटला, तेव्हा १६५९ साली डचांनी आरिताकडे पन्नास हजारांहून जास्त नगांची मागणी नोंदवली. ही फुलदाणी मात्र त्या काळातली नाही. पहिला पुरावा निळ्या रंगाचा. जुना ‘गोसू’ कोबाल्ट करडसर दिसतो आणि रेघेच्या कडेशी थोडा फुटतो. इथला निळा सपाट आणि जांभळट झाकेचा आहे. गॉटफ्रीड वाग्नर हा जर्मन रसायनतज्ज्ञ १८७० साली आरितात आला आणि त्याने शुद्ध कोबाल्ट ऑक्साइडचा वापर शिकवला, त्यानंतरचा हा निळा. दुसरा पुरावा झिलईचा: जुन्या नगांवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे सापडतात, इथे पृष्ठभाग गुळगुळीत आहे. सोनंही पातळ आणि चकचकीत. म्हणजे जपानी सम्राट मेइजीचा काळ (१८६८–१९१२), आणि त्यातही १८७० नंतरचा. १८७३ च्या व्हिएन्ना जागतिक प्रदर्शनानंतर युरोपात या मालाची मागणी चांगलीच वाढली होती.

बुडाखाली टाचणीएवढे ठसे शोधत बसू नका. पसरट ताटं भट्टीत मधोमध खचू नयेत म्हणून त्यांच्या बुडाला मातीच्या सुळक्यांचा टेकू देत, त्याचे ते ठसे. उभट फुलदाणीला असा टेकू लागत नाही. हात आत घालून गळ्याखाली चाचपलं तर आडवा उंचवटा लागतो. तो तडा नव्हे, दोन भाग वेगळे घडवून जोडले त्याचा सांधा आहे.

३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली काठावरचे सांधे नारिंगी चमकले, म्हणजे जुनी लाख. ही बातमी चांगली. दुधी-पिवळट चमक आली असती तर इपॉक्सी (दोन घटक मिसळून घट्ट होणारा कृत्रिम गोंद), आणि मग काम तिप्पट.

आठवडा २: जुना जोड सोडवणं

लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. इथेनॉलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या वाती सांध्याच्या दोन्ही बाजूंना लावून वर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळली. १८ तासांनी दोन तुकडे आपोआप सुटले, तिसऱ्याला आणखी एक रात्र लागली. सुटत नसेल तर वाती बदलायच्या, ओढायचं नाही. ओढलं की जुन्या भेगेजवळ नवा टवका उडतो आणि तो बहुधा सोनं असलेल्या बाजूचाच असतो.

सफाईत कायम लक्षात ठेवायचं ते रंगांचे थर. निळा झिलईखाली आहे, त्याला सुमारे १३०० अंशांची भट्टी मिळालेली आहे, तो कशालाही दाद देत नाही. लाल, हिरवा आणि सोनं झिलईवर, नंतरच्या ७००–८०० अंशांच्या भाजणीत बसवलेले. लाल म्हणजे लोहाचा ऑक्साइड, वर काचेचा थर जेमतेम, म्हणून तो घासला की फिका होतो. हिरवा जाड काचेसारखा असतो, तो खपलीने निघतो. सोनं सगळ्यांत नाजूक. त्यामुळे अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात नॉन-आयॉनिक डिटर्जंटचे तीन-चार थेंब, कापसाचा बोळा, आणि सोन्यावर बोळा घासायचा नाही, नुसता टेकवून उचलायचा. भांडी घासायची पावडर, व्हिनेगर, अमोनियाचं काच-क्लीनर यांतलं काहीही नको.

आठवडा ३: डाग

तुटलेल्या कडांवर तपकिरी रेघ राहिली. क्लोरीनचं ब्लीच वापरलं तर क्षार भेगेत अडकतात आणि डाग पुन्हा वर येतो. त्याऐवजी ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, १० मिलीला अमोनियाचा एक थेंब, कापसाच्या अरुंद पट्ट्या फक्त तुटलेल्या कडेवर, वरून क्लिंग फिल्म. बारा तासांची एक खेप, अशा चार खेपा. पट्टी सोन्यापासून दूर ठेवली, कारण बुडबुडे सैल सोन्याखाली शिरले की ते उचललं जातं. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुऊन ४८ तास वाळवलं.

आठवडा ४: जोडणी

इथे चिकटपदार्थावरून बराच खल झाला. पॅरालॉइड बी-७२ हा अॅक्रिलिक गोंद सोडवायला सोपा, पण तो ४० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. जपानी किंवा युरोपीय कपाटात ते चालून जातं, नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात काठाचा जड तुकडा हळूहळू घसरेल. म्हणून अॅराल्डाइट २०२० ही पातळ इपॉक्सी, वजनाने १० भाग रेझिनला ३ भाग हार्डनर. २ ग्रॅम मिश्रणासाठी १.५४ ग्रॅम आणि ०.४६ ग्रॅम. काटा ०.०१ ग्रॅमचा हवा. डोळ्यांच्या अंदाजाने मोजलं तर ते चिकट राहतं आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी कोरडी जुळणी: तुकड्यांना नंबर आणि क्रम. चुकीच्या क्रमाने बसवलं की शेवटचा तुकडा आत शिरतच नाही. टेप फक्त गळ्याच्या आतल्या बाजूला आणि बाहेर निळ्या-पांढऱ्या भागावर, सोन्यावर अजिबात नाही. टेपसोबत सोनं निघून येतं. तुकडे टेपने ताणून बसवल्यावर सुईच्या टोकाने चिकटपदार्थ सांध्यावर सोडला, तो केशाकर्षणाने स्वतःच आत गेला. तो पाण्यासारखा पातळ असल्याने टेपखालीही पसरतो. पूर्ण घट्ट होण्याआधी स्काल्पेलने खरवडून घेतला.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात हे काम सिलिका जेल ठेवलेल्या बंद डब्यात करावं. हार्डनर ओलावा धरतो आणि वर पांढरट, चिकट पापुद्रा येतो.

आठवडा ५: टवका भरणं

आतून दंतवैद्यकीय मेणाचा आधार. त्याच इपॉक्सीत फ्यूम्ड सिलिका (अतिबारीक सिलिकाची पूड) घालून लोण्यासारखी लुगदी, टायटॅनियम पांढरा आणि चिमूटभर निळसर करडा. पहिली भर दुधासारखी पांढरी झाली आणि वेगळी उठून दिसली. आरिताची माती किंचित करडी असते, झिलई निळसर. दुसऱ्यांदा आधी नमुन्याची गोळी वाळवून, नगाशेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात पाहिली. तुलनेला अस्सल नग हवे असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातलं जपानी पोर्सिलेन बघता येतं.

घासकाम ६०० नंबरच्या घासकागदाने, मग १०००, शेवटी मायक्रो-मेश ४००० (अगदी बारीक घासकागद). शेजारचं सोनं पातळ प्लास्टिकच्या पट्टीने झाकून, कारण ४००० चा कागदही दोन फेऱ्यांत सोनं खातो.

आठवडा ६: रंग

क्रम भट्टीचाच: आधी निळा, त्यावर झिलईची जागा घेणारा पारदर्शक थर, तो वाळल्यावर लाल. निळा वरच्या थरात रंगवला तर दुरून जुळतो, पण तिरप्या उजेडात पृष्ठभागावर तरंगताना दिसतो. दुरुस्ती ओळखायची खूणही हीच, विकत घेताना उपयोगी पडते.

निळा तीन पातळ हातांत जमला. लाल अजून जरा जास्त चकाकतो, मॅट माध्यम मिसळून पुन्हा घ्यावा लागेल. सोनं बाकी आहे. पितळेची पावडर नको, ती काही वर्षांत काळवंडते. अभ्रकाची पावडर टिकते, मात्र तिची चमक मोत्यासारखी वाटते. गोंदात खललेलं खरं सोनं मागवलंय. तळातलं भोक तसंच ठेवलंय, ते या फुलदाणीच्या युरोपातल्या वास्तव्याची खूण आहे आणि भरून मजबुतीत काही फरक पडत नाही.