बेळगावची देवळं टिपायची तर मळभातच या

कॅमेरा घेऊन बेळगावकडे येणारे बहुतेक जण डिसेंबर-जानेवारी धरून येतात. हवा छान, आकाश निळं, रस्ते कोरडे. डोंगर-शिवारांसाठी ते ठीक. पण देवळं टिपायची असतील तर जुलै ते सप्टेंबरमध्ये या, छत्री घेऊन. इथला कोरीव दगड बराचसा काळपट आहे. भर उन्हात त्याची उजेडाकडची बाजू पांढरट पडते, नक्षीच्या खोबणी काळ्याठिक्कर होतात आणि मधल्या छटा उरतच नाहीत. मळभ असलं की उजेड चहूकडून मऊ येतो आणि खोबणीतली बारीक छिन्नीही दिसते. शिवाय पावसाने धुतलेला दगड गडद होतो, त्यावरचं शेवाळ हिरवंगार. तो रंग जानेवारीत मिळत नाही.

एक धडा मात्र पाठच करा. काळा दगड फ्रेमभर असला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो फोटो उजळवून दगड राखाडी करून ठेवतो. एक्स्पोजर उणे दोन-तृतीयांश ते उणे एक स्टॉपवर आणा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). चोर्ला-जांबोटीकडच्या घाटातल्या धुक्यात नेमकं उलटं: तिथे अधिक एक, नाहीतर पांढरं धुकं मळकट दिसतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर नको, 5500 केल्व्हिनच्या आसपास बांधून टाका. जांभ्याचा तांबूसपणा ऑटो हमखास मारतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं ठिकाण म्हणजे बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती. रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने 1204 साली बांधवलेलं हे नेमिनाथांचं जैन मंदिर. मुखमंडपाच्या छतातलं दगडी कमळ टिपायलाच लोक येतात, आणि नव्वद टक्के फोटो वाकडे घेऊन जातात. मान मागे टाकून हातात कॅमेरा धरला की कमळ कधीच गोल येत नाही, अंडाकृती येतं. ही वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, त्यामुळे ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. पण इथे ट्रायपॉड लागतच नाही, जमीन आहे ना!

कॅमेरा पाठीवर, लेन्स वर करून, थेट फरशीवर ठेवा. खाली रुमाल असू द्या. व्ह्यूफाइंडरचा रबर पुढे आलेला असतो, त्यामुळे कॅमेरा तिरपा बसतो. खालच्या कडेखाली रुमालाची आणखी एक-दोन घडी घालून तो सपाट करा. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला 16-18 मिमीची रुंद लेन्स, लेन्सचं छिद्र एफ 8, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 200, दहा सेकंदांचा टायमर. शटर सेकंदभर उघडं राहिलं तरी फरशी हलत नाही. आता मध्य साधायचा. पहिला फोटो काढून स्क्रीनवर पाहा: कमळ ग्रिपच्या, म्हणजे उजव्या हाताच्या पकडीच्या, बाजूला सरकलेलं असेल तर कॅमेरा ग्रिपच्याच दिशेला सरकवा. सगळे इथेच चुकतात, कारण उताण्या कॅमेऱ्याकडे वरून बघताना ग्रिप उजवीकडे नसून डावीकडे दिसते. डावं-उजवं विसरा, ग्रिप लक्षात ठेवा. एका वेळी बोट-दोन बोटं सरकवत चार-पाच फोटोंत मध्य सापडतो.

दाराचा उजेड आणि आतला अंधार एका फोटोत मावत नाही. उणे दोन, शून्य, अधिक दोन असे तीन फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, घेऊन घरी जोडा. गुळगुळीत खांबांवर फ्लॅश मारलात तर पांढरे चट्टे उठतील. आत ट्यूब चालू असेल तर दिवसाचा उजेड आणि ट्यूबचा उजेड मिसळून दगड एका बाजूने हिरवट दिसतो. तिथल्या माणसाला नीट विचारावं, “मामा, पाच मिनिटं ट्यूब बंद करता का?” मूर्तीच्या फोटोचंही तसंच, आधी विचारायचं. आणि हो, कातडी पट्टा, कातडी बॅग बाहेरच. बस्तीत चामडं आणत नाहीत. नायलॉनचा पट्टा बरा.

किल्ल्याच्या भोवती लष्कराचा वावर आहे, तिकडे लेन्स रोखू नका. ड्रोन तर पिशवीतूनही काढू नका.

खानापूर तालुक्यातलं हलशी म्हणजे जुनी पलाशिका, कदंबांची राजधानी. भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, त्यामुळे एका दाराच्या चौकटीतून दुसरा गाभारा टिपता येतो. त्यासाठी अगदी मधोमध उभं राहायला लागतं. वीतभर हललात तरी चौकटी एकमेकींना कापतात. इथे रुंद लेन्स नको, 50 ते 70 मिमी घ्या, म्हणजे मागचा गाभारा चिमुकला होत नाही. बाहेरून पायऱ्यापायऱ्यांचं शिखर घेताना कॅमेरा वर केला की शिखर मागे कलतं. मागे सरका, कॅमेरा पातळीत धरा आणि खाली राहिलेलं जास्तीचं अंगण नंतर कापा. मळभाची अडचण इथेच जाणवते: शिखरामागे कोरं पांढरं आकाश. त्यावर उपाय म्हणजे सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, तेव्हा ढगही निळसर होतात.

गोकाकचा धबधबा 52 मीटरचा. घटप्रभा भरली की पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं. लोक उजेड कमी करणारा फिल्टर लावून अर्धा सेकंद शटर उघडं ठेवतात आणि घरी चिखलाचा पडदा घेऊन जातात. गढूळ पाण्याचा जोर दाखवायचा तर 1/500 सेकंद लागतो. रेशमी पाणी हवंच असेल तर गोडचिनमलकीच्या धबधब्याला जा, पाणी थोडं ओसरल्यावर, 1/4 सेकंदाने. गोकाकचा झुलता पूल 200 मीटरच्या आसपास लांब आहे. त्यावर कुणी चाललं की तो हलतो, तेव्हा ट्रायपॉड तिथे निरुपयोगी. लेन्सवर तुषार बसतात, प्रत्येक फोटोआधी पुसा. कापडं तीन तरी असावीत, दोन भिजतातच.

राजहंसगडाला वेळ द्यायचाच तर ऑक्टोबरात, संध्याकाळी. खाली येळ्ळूरकडची भाताची शिवारं पिवळी झालेली असतात. वारा जोराचा, ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला पिशवी अडकवा.

पावसात फिरायचं म्हटल्यावर ओलाव्याची तयारी हवी. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर दव धरतं. म्हणून कॅमेरा डिकीत, चेनच्या पिशवीत बंद ठेवा आणि उतरल्यावर पंधरा मिनिटांनी उघडा. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत लेन्समध्ये बुरशीचं जाळं दिसेल. तांदळात कॅमेरा पुरायचा सल्ला ऐकू नका, त्याची भुकटी फटींतून आत जाते. बेळगाव बासमती भातासाठीच राहू द्या. सिलिकाच्या मण्यांचा रंग बदलला की मंद आचेवर गरम करून ते परत वापरता येतात, फक्त स्वयंपाकाचा तवा त्यासाठी घेऊ नका.