पंखा बंद करा!

शनिवार-रविवार कोल्हापुरात राजारामपुरीत जलतरंगाची, म्हणजे पाणी भरलेल्या वाट्या काड्यांनी वाजवायच्या वाद्याची, कार्यशाळा झाली. वादक आम्ही अकरा, वाट्या दोनशेच्या आसपास. जो तो जुन्या साड्यांत, टॉवेलांत गुंडाळून आपापला संसार घेऊन आलेला. रिक्षावाले मामा म्हणाले, "हॉटेल काढताय काय?"

पाणी वाढवलं की स्वर उतरतो, कमी केलं की चढतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. खरी मारामारी पुढेच. पंख्याखाली पाणी उडत जातं आणि लावलेला स्वर हळूच वर सरकतो. म्हणून दोन्ही दिवस पंखे बंद! घामाच्या धारा वाटीत पडल्या तरी स्वर उतरेल की काय, अशी अवस्था. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढायला आघातानंतर लगेच काडीचं टोक पाण्यात हलकेच फिरवायचं. शिकवणाऱ्या बाईंनी केलं तर स्वर वितळल्यासारखा वाटला. मी केलं, निम्मं पाणी मांडीवर.

(मिरजेत सतारी, तंबोरे बनतात. आमचं वाद्य मात्र भांड्यांच्या दुकानात, एकेक वाटी टिचकी मारून निवडायचं. दुकानदार वैतागतात.)

काल संध्याकाळी सादरीकरण. भूप राग झाला, मग दुर्गा. मध्ये गंधाराची वाटी काढून मध्यमाची ठेवायची, ती मी विसरलो. दुर्गात ठणठणीत गंधार! पहिल्या रांगेतल्या आजोबांनी नुसती मान वर केली. बास, तेवढं पुरे झालं.

घरी येऊन पिशवी सोडली तर पंचमाची वाटी गायब. कुणाकडे गेली असेल तर कळवा रे. तळाला निळं फूल आहे.